बातमी पाह्यजे का नाव?

"बातमी पाह्यजे का नाव पाह्यजे?"

वाचनालयाच्या दारात उभं राहून ते हे विचारायचे, आणि विचारताना उजव्या हाताचा अंगठा समोरच्याच्या तोंडापुढे धरायचे. नखापासून पहिल्या पेरापर्यंत तो अंगठा काळा असायचा. समोरचा माणूस ओशाळून म्हणायचा, "बातमीच पाहिजे ना."

"मंग वाचा. बातमी सारी हाय." एवढं बोलून ते बाजूला व्हायचे.

तुम्हीही अशी वाचनालयं पाहिली असतील. एक लांबट खोली, दोन बाकं, उतरतं टेबल आणि त्यावर वर्तमानपत्र अडकवायची लोखंडी सळई. आमचं गाव आर्णीच्या अलीकडे, मोटाररस्त्यावर. नागपूरचा पेपर अकराच्या मोटारीने यायचा. ते वाचनालयाचे शिपाई होते. झाडणं, पाणी भरणं, पुस्तकांना पुठ्ठे घालणं सगळं तेच करायचे. पेपर आला की तो आधी आतल्या खोलीत न्यायचे आणि उभ्यानेच शेवटच्या पानापासून वाचायचे. मारामारी, पळवून नेणं, विहिरीत सापडलेलं बाईचं प्रेत अशी काही बातमी दिसली, की दौतीचं झाकण निघायचं. शाई घरची, काजळी आणि बाभळीचा डिंक खलून केलेली. कुंचला म्हणजे टोक चावलेली निंबाची काडी. बाईचं नाव, तिच्या बापाचं नाव, वस्ती, जात, एवढ्यावर काडी फिरायची. फिरली की कडेला ओघळलेली शाई अंगठ्याने टिपायची. मग पेपर सळईत जायचा.

गाव त्यांना शाईवाला म्हणे. मी वाचनालयाचा चिटणीस आणि हायस्कुलातला मास्तर. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे होते आणि मी त्यांना 'अरे' म्हणत असे. आता लिहिताना तरी तसं करणार नाही.

लोक चिडायचे, हे सांगायला नको. त्यातही एक पेन्शनर पटवारी होते. त्यांना गावातल्या बातम्यांपेक्षा बातम्यांमधल्या गावांत जास्त रस. शाई लागलेला पेपर ते सरळ ओट्यावर न्यायचे आणि उन्हासमोर धरायचे. काळ्या पट्ट्याआडून छपाई उमटायची. "दिसलं! ढाणकीची हाय!" असं मोठ्याने सांगायचे. दुसऱ्याच दिवसापासून शाई कागदाच्या दोन्ही बाजूंनी लागू लागली. एकदा मागच्या बाजूला नेमके कापसाचे भाव आले आणि तेही गेले. त्या दिवशी वाचनालयापुढे चाळीस माणसं जमली. शाईवाले दारात आले, डोळे मिटले आणि अकोल्यापासून वणीपर्यंतचे भाव एका दमात पाठ म्हणून दाखवले. वर पटवाऱ्यांना म्हणाले, "आनखी काही बुडालं काय तुमचं?"

मी चिटणीस या नात्याने त्यांना समजावलं होतं. म्हटलं, पेपर सार्वजनिक आहे, छापलेलं वाचायचा लोकांना हक्क आहे.

"बाईचं नाव कळल्यानं चोर सापडते काय, गुरुजी?"

"तसं नाही. पण बातमी म्हटली की पूर्ण हवी."

"पूर्ण?" ते हसले. त्यांच्या हसण्यात हसू नसायचं. "आमी छप्पन साली नागपूरले जाऊन धर्म बदलला. चार वर्षं झाले. पेपराले अजून कोनी सांगतलं नाही वाटते. आमच्या वस्तीत भांडन झालं की जुनीच जात छापून राह्यले. हे पूर्ण व्हय?"

मी विषय बदलला. विषय बदलणं मला चांगलं जमायचं.

वाचनालयात यायच्या आधी ते दारव्ह्याच्या कोर्टात चपराशी होते. पुकारा करायचं काम. कोर्टाच्या दारात येऊन पक्षकाराचं नाव तीनदा खणखणीत हाकारायचं आणि शेवटी 'हाजिर हो' म्हणायचं. आवाज असा की पलीकडच्या बाजारातली माणसं मान वळवत. ती नोकरी त्यांनी का सोडली, हे मला फार उशिरा कळलं. एका दुपारी वाचनालयात कोणी नसताना त्यांनी स्वतःहून सांगितलं.

एका बाईने फिर्याद केली होती, एकाने अब्रूवर हात टाकला म्हणून. तारखेला ती कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसली होती. भोवती शे-दीडशे माणसं. शाईवाल्यांनी तिचं नाव पुकारलं, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. शे-दीडशे माना वळल्या आणि प्रत्येक जण शोधू लागला, की ही कोण. तिने पदर तोंडावर ओढला. दुसऱ्यांदा पुकारलं. ती हलली नाही. तिसऱ्यांदा पुकारलं.

"माह्यापासून पन्नास पावलं नव्हती, गुरुजी. मले दिसून राह्यली होती. नाही उठली. सायेबानं लिहिलं, फिर्यादी गैरहजर. तो सुटला, हारतुरे घेऊन गेला." मग बराच वेळ ते पेपरच्या सळईला तेल लावत राहिले. "केस माह्या आवाजानं गेली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला होता.

शाईवाल्यांना मान देणारा एकच माणूस मला आठवतो. नदीपलीकडच्या तांड्याचा नायक. पूर्वी या लोकांचे बैलांचे तांडे मीठ-धान्य घेऊन देशभर फिरायचे. आता ते शेती करत होते. तांड्यातल्या दोघांनी एका मळ्यातली मोटेची चामडी चोरली होती. पेपरात त्याची बातमी आली ती 'गुन्हेगार जमातीचा उपद्रव' अशा मथळ्याने. दोघांचं काय, साऱ्या तांड्याचं नाव होतं. नायक म्हातारा, पागोटं बांधलेला, लिहिता-वाचता न येणारा. त्याला ती बातमी डोळ्यांनी पाहायची होती. शाईवाल्यांनी त्याला बाकावर बसवलं, पेपर पुढे ठेवला. तांड्याच्या नावावर आधीच शाई फिरलेली होती.

"आमच्यात बी नाव घेतात," नायक म्हणाला. "लपवत नाही. साऱ्या तांड्यासमोर उभं करतात, बायका-पोरं सगळे बसतात. ज्यानं केलं त्यानं तोंडानं सांगावं लागते. मंग दंड. दंड झाला की मिटलं. त्याच्यानंतर जो ते उकरन, त्याले डबल दंड."

"डबल?" शाईवाले पुढे सरकले.

"हो, डबल. बायकोनं भांडनात काढलं तरी. माह्या सख्ख्या भावानं भरला हाय." नायकाने पेपरावर बोट ठेवलं. "या कागदाले कोन दंड करते?"

शाईवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण ती चामड्याची बातमी नागपूरला मीच पाठवली होती.

हे आधीच सांगायला हवं होतं. मी त्या दैनिकाचा गावचा वार्ताहर होतो. आठवड्यातून दोनदा पोलीस ठाण्यात जायचं, जमादाराबरोबर चहा प्यायचा, त्याच्या वहीतून नावं उतरवायची आणि बातमी टपालात टाकायची. छापून आली की मी ती कापून चिकटवून ठेवत असे. मला त्याचा अभिमान होता. आज त्या चिकटवहीची आठवण झाली तरी माझा मलाच राग येतो. तेव्हा मात्र मी ती पाहुण्यांना दाखवायचो.

साठ-एकसष्टचा हंगाम असेल. जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला बौद्ध वस्तीतल्या बायका जात. त्यांतली एक विसेक वर्षांची मुलगी. चौथीपर्यंत शिकलेली, बापाचं एकटंच अपत्य, लग्न ठरलेलं. कारखानदाराच्या मुलाने तिला गोदामात अडवलं. ती ओरडली, बाकीच्या बायका धावल्या, मुलगा पळाला. मुलगी फाटक्या लुगड्यानिशी तशीच ठाण्यात गेली. जमादाराने तक्रार घ्यायला संध्याकाळ केली, पण ती हलली नाही. शेवटी घ्यावी लागली.

मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. दोन्ही नावं वहीत होती, एकाखाली एक. मी बातमी लिहिली. मुलीचं पूर्ण नाव, बापाचं नाव, वय, जात जुनी, वस्ती. आणि मुलाविषयी लिहिलं, 'येथील एका प्रतिष्ठित घराण्यातील तरुण'. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. कोणी धमकावलं नव्हतं. कारखानदार वाचनालयाचे अध्यक्ष होते, एवढंच. माझा हात आपसूक तसा चालला. मला ती सभ्यता वाटली!

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पेपर आला. मी आतल्या खोलीत पुस्तकांची यादी करत बसलो होतो. शाईवाल्यांनी बातमी वाचली. माझ्याकडे पाठ करून नेहमीसारखी शाई फिरवली. दोन्ही बाजूंनी. पेपर बाहेर लावला.

दुपारी ती मुलगी वाचनालयात आली. आमच्या वाचनालयात तोवर एकही बाई आली नव्हती. बाकावरचे दोघे-तिघे उठून उभे राहिले, मानाने नव्हे, गोंधळून. ती सरळ टेबलाशी गेली आणि बोट फिरवत बातमी वाचली. मी आतून सगळं पाहत-ऐकत होतो.

"हे कोनी झाकलं?"

"म्या झाकलं, बाई," शाईवाले म्हणाले.

"काहून?"

"लोकं वाईट असतात. तुह्या नावाचा..."

"नाव माहं होतं ना? मले इचारलं?"

शाईवाल्यांची नजर आपल्या अंगठ्याकडे गेली.

"पेपरवाल्यानं छापताना नाही इचारलं, तुम्ही झाकताना नाही इचारलं. म्या काय केलं झाकण्यासारखं?" तिचा आवाज चढला नव्हता. "ज्यानं केलं त्याचं नाव कुठी हाय? त्याच्यावर शाई लावाची गरजच नाही पडली. ते छापतानाच झाकलं."

बाकाजवळचा एक जण बाहेर सटकला. शाईवाल्यांनी अंगठा धोतराला पुसला. मग विचारलं, "पोरी, तू म्हनशील तसं करतो. तुहं नाव पुन्हा लिहू?"

तिने त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"माहं राहू द्या तसंच. बाबाले तरास होते. त्याचं लिहा."

त्यांनी टाक घेतला. 'येथील एका प्रतिष्ठित घराण्यातील तरुण' या ओळीच्या वर, कोर्टातल्या कागदांवर असतं तसं सुबक अक्षर काढून त्यांनी मुलाचं नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. वय लिहिलं. जात लिहिली. राहणार कुठे ते लिहिलं. मुलीचं जे जे मी छापवलं होतं, ते ते सगळं त्याच क्रमाने.

मुलीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण ती तसं म्हणाली होती. मुलाचंही लिहिलेलं नाही. त्याला कारण माझा भित्रेपणा. त्याची माणसं अजून त्या गावात आहेत आणि माझंही घर तिथेच आहे. तुमच्या हे लक्षात आलंच असेल, म्हणून मीच सांगून टाकतो.

संध्याकाळपर्यंत सारं गाव तो पेपर वाचून गेलं. आणि मग जे झालं, त्याचा संताप इतक्या वर्षांनीही गेलेला नाही. एरवी झाकलेलं नाव उन्हात धरून वाचणारे पटवारी ओट्यावर उभे राहून म्हणत होते, "असं कोनाच्या घरची इज्जत चव्हाट्यावर मांडनं शोभते काय? पोरगं हाय, चुकलं असन. नाव कायले लिहाचं?" आणि माना डोलत होत्या. ज्या माना वस्तीतल्या प्रत्येक भांडणाचं नाव-गाव ऐकायला वळायच्या, त्याच माना! घराची अब्रू, कुळाचं नाव, पोराचं भविष्य. गावाला एकाएकी केवढी नाजूक भाषा सुचली होती.

तिसऱ्या दिवशी कार्यकारी मंडळ बसलं. अध्यक्ष मुलाचे वडील. ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांना बोलावं लागलंच नाही, बाकीचे पुरेसे होते. शाईवाले उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले.

"पेपरात हे तू लिहिलंस?"

"लिहिलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माह्या."

मी तिथेच बसलो होतो, हातात इतिवृत्ताची वही. मुलगी आली होती, तिनेच सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. ते तिला वाचवत आहेत हेही कळत होतं. पण निदान एवढं तरी म्हणता आलं असतं, की लिहिलेलं नाव खोटं नाही, ठाण्याच्या वहीत तेच आहे, मी पाहिलं आहे. मी पेन्सिलीला टोक करत राहिलो.

"गुरुजी," ते एकदम माझ्याकडे वळले. "पोरीचं नाव तुम्हाले कुठून भेटलं?"

"ठाण्यातून," मी म्हणालो.

"अन् पोराचं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. "ठाण्यातूनच."

"मंग एक कागदावर आलं अन् एक पोटात राह्यलं. काहून?"

कोणीतरी ओरडलं, "त्याला काय विचारतोस? तुझं बोल!" आणि मी सुटलो. मी असा आयुष्यभर सुटत आलो आहे.

सार्वजनिक मालमत्ता खराब केल्याबद्दल त्यांना कामावरून काढायचं ठरलं. गंमत पाहा. चार वर्षं ते रोज शाई लावत होते, तेव्हा मालमत्ता खराब होत नव्हती. ठराव मीच लिहिला, सहीसाठी त्यांच्यापुढे मीच धरला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, शेवटच्या ओळीपासून.

"माह्या नावापुढं काय लिहिलं हे?"

मी पाहिलं. मी त्यांची जात लिहिली होती. जुनी.

"बौद्ध लिहा. मंग सही करतो."

"ते आता राहू दे. मंडळासमोर मंजूर झालंय."

"मंग राहू द्या तुमचा ठराव. म्या उद्या बी येतो झाडाले."

मी खोडलं. वर दुरुस्ती लिहिली, तिच्यापुढे माझी सही केली. मग त्यांनी आपली केली आणि टाक माझ्या हातात दिला. तो पुसलेला होता.

मुलीचं लग्न मोडलं. होणाऱ्या नवऱ्याकडच्यांनी बातमी दिग्रसला वाचली होती. शाई आमच्या गावच्या एका प्रतीवर होती, जिल्ह्यात पेपर सगळीकडे जायचा. माझी करणी सगळीकडे गेली आणि त्यांची टेबलावरून हलली नाही. पण ती मुलगी मागे हटली नाही. खटला वर्षभर चालला. प्रत्येक तारखेला शाईवाले तिच्या आणि तिच्या बापाच्या सोबत दारव्ह्याला जायचे. पुकारा झाला की ती पहिल्याच हाकेला उठायची, असं तिचा बाप वस्तीत सांगत असे. साक्षीदार बायकांना मात्र पुढच्या हंगामात काम हवं होतं. एकेक करून साऱ्याजणी साक्षीतून फिरल्या. मुलगा सुटला.

ती बातमीही पेपरात आली. मी ती पाठवली नव्हती. माझं वार्ताहरपण मी तोवर सोडलं होतं. पाठवणाऱ्याने छान लिहिली होती. या खेपेला मुलाचं पूर्ण नाव होतं, ठळक अक्षरांत, बापाच्या नावासकट. 'निर्दोष सुटका, मित्रमंडळींकडून अभिनंदन.' नवा शिपाई तो पेपर जसाच्या तसा सळईत लावून गेला आणि पटवाऱ्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

मी घरी गेलो आणि चिकटवही चुलीत घातली. त्याने काय होणार होतं?

शाईवाले गाव सोडून मारेगावकडे गेले. तिथे त्यांची बहीण होती. ती मुलगीही पुढे त्याच भागात एका शाळामास्तराला दिली, असं ऐकलं. लग्न त्यांनीच जमवलं म्हणतात. मला खात्री नाही, आणि कोणाला विचारायला तोंडही नव्हतं.

तीन-चार वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी मारेगावला गेलो होतो. आठवडी बाजारात ते दिसले. केस पिकलेले, खांद्यावर पिशवी, पिशवीत मेथी. अंगठा स्वच्छ होता. मी पुढे झालो आणि हात जोडले. पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो. त्यांनी ते ऐकलं, पण त्याची त्यांना काही मातब्बरी वाटली नाही.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"चाललं हाय."

मग मला राहवलं नाही. कोणीतरी मला बरं म्हणावं असं वाटत असावं. म्हणालो, "मी पेपरात बातम्या पाठवणं सोडलं. त्या प्रकरणानंतर एकही पाठवली नाही."

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. डोळ्यांत तीच जुनी धार आली.

"सोडलं? कायले सोडलं?"

"म्हणजे... वाटलं की..."

"तुम्ही सोडल्यानं बातम्या बंद झाल्या काय, गुरुजी? तुमच्या जागी जो बसला त्यानं काय लिहिलं ते आमी इकडं वाचलं. तुम्हाले तं माहीत होतं खरं काय ते. ठान्याची वही तुम्ही पाह्यली होती." बाजारातली दोन माणसं वळून पाहू लागली, तरी त्यांचा आवाज खाली आला नाही. "एकदा खोटं लिहिलं अन् मंग घरी जाऊन बसले. आमी काय करू तुमच्या बसन्याचं?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. ते वळले आणि बांगड्यांच्या पालांमधून, गर्दीला कोपराने बाजूला सारत, वणीच्या रस्त्याकडे चालू लागले. पिशवीतून मेथीची एक जुडी खाली पडली. मी ती उचलून मागे धावलो, पण त्यांचं पाऊल मोठं होतं, आणि त्यांना हाक मारावी तर ती कोणत्या नावाने मारायची, तेच मला त्या गर्दीत सुचेना.